महसूल म्हणजे पीक

मराठीतून अरबी-फारसी शब्द काढून टाकावेत का, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतो आणि महसूल, तहसील, हशील यांच्यावर पहिली कुऱ्हाड पडते. आखातात रोज अरबी कानावर पडणाऱ्याला ही मोहीम पटणं कठीण आहे.

तिन्ही शब्दांचं मूळ एकच, ह-स-ल ही तीन अरबी व्यंजनं. यातला ह घशातून काढायचा आणि स जिभेचं मूळ मागे ओढून जड करायचा. स हलका राहिला की होतं ‘हिस्ल’, वाळवंटातल्या घोरपडीसारख्या सरड्याचं पिल्लू! दहाव्या शतकातल्या इब्न फारिस या कोशकाराने मूळ अर्थ ‘गोळा करणे’ असा दिला आहे. खाणीतल्या दगडमातीतून सोनं-चांदी वेगळी काढणं ही खरी तहसील, असं काही जाणकारांचं म्हणणंही तो नोंदवतो. पक्ष्याच्या गळ्याशी दाणे साठवणारी पिशवी ती ‘हौसला’. फारसीतून हिंदीत येईपर्यंत तिचा अर्थ हिंमत झाला.

आज इकडच्या वर्तमानपत्रात ‘महसूल अत्-तुमूर’ दिसलं तर तो खजुरावरचा कर समजू नये. ते खजुराचं पीक. कराला ‘दरीबा’ म्हणतात, सरकारी शुल्काला ‘रुसूम’. कंपनीच्या पाटीवर ‘तहसील’ असेल तर आत थकलेली कर्जं वसूल करणारे बसलेत. नोकरीच्या जाहिरातीत ‘हासिल अला’ म्हणजे अमुक पदवी मिळवलेला. मुलांचा पैसे साठवायचा डबा ‘हस्साला’. किरकोळ काही बिघडलं की समोरचा म्हणतो, ‘हसल खैर’, म्हणजे जाऊ द्या, ठीक आहे. तालुक्याचा कारभार मात्र यातल्या एकाही शब्दात नाही, आणि ‘तहसीलदार’मधला ‘दार’ तर फारसी. हे अर्थ फारसी राजकारभारातून आपल्याकडे आलेत.

शाळेत शिकवण्यासारखे आहेत ते साचे. मुळाची तीन व्यंजनं ‘हासिल’च्या साच्यात घातली की करणारा किंवा असणारा मिळतो : जाहीर, साहेब, हाकीम. ‘महसूल’च्या साच्यात ज्यावर क्रिया झाली ते : मजकूर, मंजूर. ‘तहसील’च्या साच्यात क्रियेचं नाव : तजवीज, तपशील. तपशीलचं मूळ फ-स-ल, फैसलाही तिथलाच. अडचण मराठी उच्चारामुळे येते. आपण फ चा प केला, जड स चा श केला, त्यामुळे अरबी कोश उघडण्याआधी ‘तपशील’चा ‘तफसील’ करून घ्यावा लागतो. हशीललाही तेच लागू.

नवे शब्द घडवण्याला विरोध नाही. सावरकरांचे दिनांक, महापौर आपण सहज वापरतो. पण दिनांक आला म्हणून तारीख गेली नाही. कोर्टात अजून तारीखच पडते. ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६’ या नावात फारसी, अरबी, संस्कृत शेजारी बसले आहेत आणि सातबारा काढायला आलेल्या शेतकऱ्याला त्यातला एकही परका वाटत नाही. महसूलच्या जागी नवा शब्द आणायचा तर जुने फेरफार, निकाल, दप्तरं वाचणाऱ्याला दोन्ही शब्द शिकावे लागतील. तो बोजा त्या शेतकऱ्यावर टाकू नये.