पट्टी उघडी की झाकलेली?

रविवारी संध्याकाळी आमच्या चौकातल्या पिंपळाच्या कट्ट्यावर सुरू झालेला वाद चहाच्या दोन फेऱ्या होऊनही मिटला नाही. बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांतले डाव थेट पाहताना पडद्याच्या कडेला जी काळी-पांढरी उभी पट्टी दिसते, ती उघडी ठेवून डाव पाहावा की झाकून, हा त्याचा विषय होता. ही पट्टी म्हणजे स्टॉकफिशसारख्या संगणकीय इंजिनाने त्या क्षणीच्या स्थितीला दिलेला भाव. पांढऱ्याचे पारडे जड झाले की पांढरा भाग वाढतो, काळ्याचे झाले की काळा. शेजारच्या आकड्यात शून्य म्हणजे समसमान आणि एक म्हणजे साधारण एका प्याद्याएवढी आघाडी.

वादाला तोंड फोडले मास्तरांनी. ते गणिताचे निवृत्त शिक्षक असून गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट आणि सोंगट्यांची पिशवी घेतल्याशिवाय कट्ट्यावर येत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, पट्टीकडे पाहत डाव पाहणारा माणूस डाव पाहतच नाही, तो फक्त भाव पाहतो, आणि चार तास भाव पाहूनही त्याला उंट कुठे उभा होता हे सांगता येत नाही.

आमच्यातला सर्वांत तरुण, म्हणजे इंजिनीअर, यावर उसळून म्हणाला, "मास्तर, तुम्ही पन्नास वर्षे खेळताय म्हणून तुम्हाला हे परवडतं. माझ्या आईला सोंगट्या कशा चालतात एवढंच कळतं. ती पट्टी नसती तर गुकेशच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याला ती रोज दुपारी अडीच वाजता पडद्यासमोर येऊन बसली असती का? क्रिकेटचा धावफलक झाकून सामना बघा, असं कुणी कुणाला सांगतं का?"

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लाखो नवे प्रेक्षक या खेळाकडे वळले, त्यात पट्टीचा वाटा मोठा आहे, हे मला मान्य आहे. परंतु धावफलकाची उपमा मला पटत नाही, आणि ती का पटत नाही हे मी कट्ट्यावर सांगितले तेच येथे नीट लिहितो.

धावफलक चांगल्या फटक्याने हलतो, पट्टी चांगल्या चालीने हलत नाही. इंजिनाचे गणित असे असते की, दोन्ही बाजूंनी यापुढे सर्वोत्तम चाली होतील असे धरूनच ते भाव सांगते. त्यामुळे खेळाडूने सर्वोत्तम चाल केली तर भाव जवळपास जागच्या जागी राहतो, आणि त्याने चूक केली तरच तो ढळतो. थोडक्यात, ज्याला आपण अफलातून चाल म्हणतो तिची नोंद या पट्टीत होऊच शकत नाही, तिथे नोंद होते ती फक्त चुकांची. एप्रिल २०२४ मध्ये टोरोंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, दुसऱ्याच फेरीत आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी खेळताना अमेरिकेच्या हिकारू नाकामुराच्या राजासमोरचे एच३ घरातले प्यादे उंटाने मारले आणि उंटाचे बलिदान दिले. पारंपरिक, म्हणजे दीर्घ वेळेच्या प्रकारात सलग ४७ डाव न हरलेल्या नाकामुराची ती मालिका त्या दिवशी संपली. उंट पटावरून जाताना पाहून ज्याच्या पोटात गोळा आला नाही, उलट पट्टी फारशी हलली नाही एवढेच ज्याने टिपले, त्याने त्या रात्री नेमके काय पाहिले?

वकीलसाहेबांची तक्रार वेगळी होती. त्यांच्या मते पट्टीमुळे प्रेक्षक उद्धट होतो, कारण निकालपत्र आधी वाचून मग साक्षी ऐकणाऱ्याला प्रत्येक साक्षीदार मूर्खच वाटणार. याच स्पर्धेच्या शेवटच्या फेरीचे उदाहरण त्यांनी दिले. गुकेशने नाकामुराशी बरोबरी साधून ९ गुण केले होते आणि कारुआना व नेपोम्नियाची या दोन प्रतिस्पर्ध्यांचा डाव निकाली निघाला असता तर त्यातल्या विजेत्याचेही तेवढेच गुण होऊन त्याच्याशी गुकेशला प्लेऑफ, म्हणजे निर्णायक डाव, खेळावा लागला असता. आपल्याकडे मध्यरात्री सुरू झालेली ती फेरी पहाटेपर्यंत चालली. कारुआनाच्या हातात आलेला विजय पुन्हा पुन्हा निसटला आणि १०९ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. "त्या रात्री आपल्याच गटात काय काय लिहिलं गेलं ते आठवा," वकीलसाहेब म्हणाले. "सहा-सहा तास मान मोडून बसलेल्या माणसाला, एवढं साधं कसं दिसत नाही, असं आपण विचारत होतो, आणि आपल्याला तरी ते कुठे दिसलं होतं? ते इंजिनाला दिसलं होतं."

मग विषय अपरिहार्यपणे १२ डिसेंबर २०२४ वर आला. सिंगापूरमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा आणि शेवटचा डाव, गुण ६.५–६.५, तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. गुकेशकडे एक प्यादे अधिक होते, पण उरलेली सगळी प्यादी पटाच्या एकाच बाजूला होती आणि प्रत्येकाकडे एक हत्ती व एक उंट होता, त्यामुळे डाव बरोबरीत सुटून दुसऱ्या दिवशी टायब्रेक, म्हणजे कमी वेळेचे निर्णायक डाव, होणार असे जवळपास सर्वच धरून चालले होते. त्या दिवशी आम्ही याच कट्ट्यावर दोन तट करून बसलो होतो. इंजिनीअरच्या फोनवर पट्टी होती आणि मास्तरांच्या पटावर फक्त सोंगट्या. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ घरात आणला. फोनवरची पट्टी कोसळली आणि इंजिनीअर ओरडला, "गेला! डिंग गेला!" मास्तरांनी मानही वर केली नाही. त्यांनी हत्तीने हत्ती मारला, पांढऱ्या राजाने तो हत्ती परत घेतला, आणि मग काळा उंट सावकाश उचलून डी५ घरात ठेवला. पांढरा उंट पार कोपऱ्यात, ए८ घरात होता. कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण असतो आणि त्याच कर्णावर आता काळा उंट उभा होता, म्हणून पांढऱ्या उंटाला पळायला एकही घर नव्हते आणि उंटांची अदलाबदल टळणार नव्हती. उंट गेले की उरतात राजे, काळ्याची तीन प्यादी आणि पांढऱ्याची दोन, म्हणजे पांढऱ्याचा पराभव ठरलेला. मास्तर बोट त्या कर्णावरून फिरवत हलक्या आवाजात म्हणाले, "अरे, याला घरच नाही." पडद्यावर तोवर गुकेशचे डोळे विस्फारलेले दिसत होते.

मला म्हणायचे आहे ते एवढेच. इंजिनीअरला ते गुकेशच्या आधी कळले, मास्तरांना गुकेशच्या सोबत कळले. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता होताना त्याच्या सोबत असणे ही गोष्ट मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

पण इंजिनीअरने यावर जे उत्तर दिले ते मला अजून खोडता आलेले नाही. तो म्हणाला, "दादा, गुकेशने नंतर स्वतः सांगितलं की ती चूक त्याला लगेच दिसली नव्हती आणि तो दुसरीच चाल करण्याच्या बेतात होता. म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक झालं होतं आणि फक्त त्या दोघांना ठाऊक नव्हतं. ते काही क्षण मी श्वास रोखून बसलो होतो. याला दिसेल का, दिसेल का, एवढंच डोक्यात होतं. ही धाकधूक मास्तरांना कुठे अनुभवता आली?" खरेच आहे. ती मास्तरांना मिळाली नाही, आणि मलाही नाही.

तरीही मी माझी पद्धत बदललेली नाही. जुन्या पोस्टकार्डाची एक पट्टी कापून मी ती पडद्याच्या त्या कडेवर चिकटवतो, प्रत्येक अवघड वळणावर आपल्याला कोणाची बाजू बरी वाटते ते आधी मोठ्याने बोलतो आणि मगच कार्ड उचलतो. दहापैकी सहा-सात वेळा चुकतो. चुकल्यावर मात्र ती स्थिती लक्षात राहते.

उठता उठता इंजिनीअरने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आपल्या बाजूची नाही हे माहीत असूनही सांगितली, याचे मला कौतुक वाटले. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचा दुसरा जलद डाव सुरू होता. घड्याळात वेळ उरला नव्हता आणि पट्टी वरखाली हेलकावत होती. तेव्हा त्याची आई म्हणाली, "ती पट्टी काढ रे, माझा जीव घाबरतो. मला त्या पोरीचा चेहरा बघू दे." त्याने पट्टी बंद केली, आणि दिव्याने तो डाव जिंकून विश्वचषक व ग्रँडमास्टर किताब एकदमच मिळवला, ते त्या दोघांनी पट्टीशिवायच पाहिले.

मास्तरांनी पट गुंडाळायला घेतला होता, तो पुन्हा पसरला. सिंगापूरची ती स्थिती मांडून पांढरा हत्ती त्यांनी एक चाल मागे नेला आणि इंजिनीअरला विचारले, "डिंगच्या जागी तू असतास तर काय खेळला असतास?" त्याचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. मग तो पटावर वाकला. वकीलसाहेबांनी तिसऱ्या चहाची ऑर्डर दिली.