खुलासा: ती गोम नव्हे, वाणी (मिलिपीड हा बिनविषारी नख्यांचा, अनेक पायांचा किडा) आहे

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या ‘विषारी गोमी’चा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर फिरतोय: ‘चावली तर जीव जातो, दिसताच फिनाईल टाका.’ परवा मीही तो न बघता पुढे ढकलला. चूक माझीच.

आज फोटो मोठा करून पाय पाहिले. अंगाच्या जवळपास प्रत्येक वळ्याला दोन जोड्या. गोमीला दर वळ्याला एकच जोडी असते, अन् विषारी नखीही तिलाच. वाणी हात लावला की गुंडाळी करते, फार तर अंगातून द्रव सोडते. त्याने डोळे झोंबतात, हात धुवा. कुजका पाला खाऊन ती माती करते. सोयाबीनचे कोंब कुरतडते, ही शेतकऱ्यांची तक्रार मात्र खरी.

घरात आली तर सुपलीवर घेऊन बाहेर सोडा. तो फोटो पुढे पाठवू नका; पाठवला असेल तिथे हा खुलासाही टाका.