आत्या, लॅन पोर्टात फेविक्विक टाकू नका

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘लॅपटॉपचा इंटरनेट केबलचा पोर्ट दुरुस्त होतच नाही, दुकानवाले मदरबोर्ड बदलायला लावतात. म्हणून घरीच करा. केबल ढिली बसत असेल तर फेविक्विकचे दोन थेंब टाकून कायमची बसवा. आतल्या तारा वाकल्या असतील तर टेलिफोनची पिन घालून दाबा, सरळ होतात. नाही झाल्या तर सेफ्टी पिनेने उचला. यूएसबीचा अडॅप्टर घेऊ नका, नेट निम्मं होतं.’ परवा तो सुदामा नगरातल्या आत्यांकडून आला आणि खाली एक ओळ होती: ‘ट्यूब आणलीय, टाकू का?’

आत्या, टाकू नका. ग्रुपातल्या बाकीच्यांनीही टाकू नका.

फेविक्विक पाण्यासारखं पातळ असतं. बारीक फट दिसली की आपोआप आत शिरतं, जिथे थेंब ठेवला तिथे थांबत नाही. लॅन पोर्टात आठ बारीक स्प्रिंगा असतात, एकमेकींपासून जेमतेम १ मिलिमीटरवर. केबलची पिन आत गेली की त्या दबतात आणि स्वतःच्या ताणाने पिनेच्या पत्र्यांना टेकून राहतात. सगळं कनेक्शन त्या ताणावर चालतं. गोंद स्प्रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये गेला की वीज अडते, कारण वाळलेलं फेविक्विक वीजरोधक आहे. बाजूला साचला तर स्प्रिंग जागीच जखडते. आत नाही गेला तरी वाळताना त्याची वाफ आसपास पांढऱ्या भुकटीसारखी बसते, तीही संपर्काच्या जागेवर.

बरं, समजा नशिबाने चिकटलं आणि नेटही चालू झालं. आता ती केबल लॅपटॉपचाच भाग झाली. केबलच्या पिनेवरची प्लास्टिकची क्लिप पिन धरून ठेवते, पण दाबली की पिन सुटते, आणि जोराची ओढ बसली तर बहुतेक वेळा क्लिपच आधी तुटते. चिकटवलेल्या केबलीत एकदा पाय अडकला की पोर्ट बोर्डावरून उपटतो आणि खालची तांब्याची पॅडंही घेऊन येतो. मग लोक नेलपॉलिश रिमूव्हर ओततात. त्यातलं ॲसिटोन गोंद सावकाश विरघळवतं, पण बऱ्याच लॅपटॉपांचं प्लास्टिकही खातं. क्लिप तुटणं हा काही रुपयांचा बिघाड होता, तो या दोन थेंबांनी बोर्डाचा बिघाड होतो.

केबल ढिली असेल तर आधी केबलच बघा. बहुतेक वेळा पोर्ट ठणठणीत असतो आणि तुटलेली असते ती केबलच्या पिनेवरची क्लिप, म्हणजे प्लास्टिकची जीभ. टोक कापून नवी पिन क्रिंप करायची, म्हणजे खास पक्कडीने दाबून बसवायची, तारांचा क्रम दुसऱ्या टोकासारखाच ठेवायचा आणि तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरहून जास्त सोडायचा नाही. पातळ लॅपटॉपात पोर्टाची खालची बाजू झडपेसारखी उघडते. ती झडप तुटली असेल तर मात्र क्लिपला अडकायला जागा उरत नाही. अशा वेळी अर्ध्या मीटरची मऊ पॅच केबल (दोन्ही टोकांना पिना असलेली तयार केबल) पोर्टात ठेवा, तिच्या दुसऱ्या टोकाला कपलर, म्हणजे दोन केबली जोडणारा छोटा तुकडा, लावून मोठी केबल जोडा आणि कपलर टेबलाच्या पायाला पट्टीने बांधा. ओढ टेबलावर जाते, पोर्टावर येत नाही. पिन खाली झुकत असेल तर क्लिपच्या बाजूने जाड कागदाची घडी सरकवा. तात्पुरता उपाय आहे, पण काढता येतो.

टेलिफोनच्या पिनेचा सल्ला तर थेट उलटा आहे. ती पिन सहा घरांची, पोर्ट आठ घरांचा. ती आत बसते, पण तिच्या दोन्ही कडांना खाचा नसतात, त्यामुळे पहिली आणि आठवी स्प्रिंग प्लास्टिकखाली चेपली जाते. म्हणजे ज्या तारा सरळ करायला निघालात त्यातल्या दोन याच उपायाने वाकतात. त्यात फोनची लाइन जिवंत असेल तर तिची मधली जोडी पोर्टाच्या ४ आणि ५ नंबरवर येते. ईथरनेटचं, म्हणजे केबलच्या नेटवर्कचं, मूळ मानक (आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेचं ८०२.३) या चुकीचा स्पष्ट विचार करतं: लाइनवर साधारण ५६ व्होल्ट डीसी, आणि घंटी वाजताना त्यावर १७५ व्होल्टपर्यंत शिखर असलेला एसी. त्यातून माणसाला धोका होता कामा नये, अशी मानकाची सक्ती आहे. यंत्र वाचलंच पाहिजे, अशी सक्ती नाही.

सेफ्टी पिनेबद्दल थोडं मान्य करावं लागतं. वाकलेली स्प्रिंग खरंच सरळ करता येते. पण लोखंडी टोकाने नाही, कारण स्प्रिंगेवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. तो खरवडला की संपर्क हळूहळू बिघडतो. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, टॉर्च लावून आठ मोजा. शेजारणीच्या खोबणीत घुसलेली किंवा इतरांहून खाली बसलेली, ती दोषी. लाकडी टूथपिकने तिला मागच्या बाजूने अलगद उचलून तिच्या खोबणीत परत आणा. एकदा, फार तर दोनदा. पुन्हापुन्हा वाकवलं की ती मुळातच तुटते.

तुटलीच तर कुठली, यावर पुढचं ठरतं. त्याच मानकाप्रमाणे १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ लागतात. गिगाबिटला (१००० एमबीपीएस), म्हणजे १९९९च्या ८०२.३एबीला, आठही लागतात. ४, ५, ७ किंवा ८ गेली असेल तर विंडोजच्या ईथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसतो, किंवा लिंक सारखी तुटते. तुटत असेल तर लॅपटॉप आणि राउटरच्या मध्ये जुना १०० एमबीपीएसचा नेटवर्क स्विच (केबली जोडायचा डबा) लावा. दोघांची बोलणी १००वरच ठरतात आणि लिंक स्थिर होते. नेटवर्क ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जबरदस्तीने ‘१०० फुल डुप्लेक्स’ (दोन्ही दिशांनी एकाच वेळी) करण्यापेक्षा हे बरं, कारण तसं केल्यावर समोरचा राउटर ऑटोवर असेल तर तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो आणि नेट रडतखडत चालतं. घरचा प्लान १०० एमबीपीएस किंवा त्याखालचा असेल तर काहीच गमावलं नाही.

अडॅप्टरने नेट निम्मं होतं, हे चुकीचा अडॅप्टर घेतला तर खरं आहे. काही स्वस्त अडॅप्टरांत ९७०० मालिकेची, यूएसबी १.१ची चिप असते. डब्यावर १०० लिहिलेलं असतं, पण यूएसबी १.१ची मर्यादाच १२ एमबीपीएस. यूएसबी ३चा, आरटीएल८१५३ किंवा एएक्स८८१७९ चिपचा अडॅप्टर निळ्या पोर्टात लावा, पूर्ण गिगाबिट मिळतं. अडॅप्टरने मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा ओळख क्रमांक, बदलतो, तेव्हा केबल राउटरशिवाय थेट येत असेल तर इंटरनेटवाल्याला फोन करून नवा नोंदवून घ्या.

राहिला मदरबोर्ड. पोर्ट बऱ्याच मॉडेलांत बोर्डावरच असतो, एवढं खरं. पण तो सोल्डर केलेला सुटा भाग आहे आणि बदलता येतो. अवघड असतात कवचाचे जाड पाय: ते ग्राउंडच्या तांब्याला जोडलेले असल्याने उष्णता पिऊन टाकतात, आणि घाईत ओढलं की पॅड उखडतं. म्हणून कंप्युटरच्या दुकानांच्या सिल्व्हर मॉलमध्ये लॅपटॉप द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा: बोर्ड खालून तापवून जॅक (म्हणजे पोर्ट) काढता का, आणि पॅड निघालं तर जंपर, म्हणजे बारीक तारेचा जोड, टाकता का. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (यंत्रातल्या भागांची यादी) ईथरनेटचं नावच दिसत नसेल आणि ड्रायव्हर नव्याने टाकूनही येत नसेल, तर दोष बहुधा नेटवर्कच्या चिपेकडे आहे. जॅक बदलून पैसे घालवू नका, अडॅप्टर घ्या.