मते खाणारा तिसरा

२०२४ च्या नोव्हेंबरात पंधरा दिवसांच्या अंतराने माझ्या दोन्ही घरी मतदान झाले. ५ तारखेला येथे, मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरात, मी मत दिले आणि २० तारखेला साताऱ्यात माझ्या मावसभावाने दिले. (पोर्टलंड म्हटले की नातेवाईकांना पश्चिम किनाऱ्यावरचे ओरेगनमधले मोठे शहर आठवते. आमचे पोर्टलंड अगदी ईशान्येच्या टोकाला, थंडीचे आणि शेवंडांचे गाव आहे.) महाराष्ट्रात त्या वेळी २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार रिंगणात होते. सहा मोठे पक्ष, त्यांतले चार तर दोन पक्षांच्या फुटीतून झालेले, शिवाय वंचित, मनसे आणि गावोगावचे बंडखोर. फोनवर मावसभाऊ वैतागून म्हणाला, "दादा, तुमच्याकडे बरं आहे. दोन माणसं उभी राहतात, एक जिंकतो, विषय संपला. इथं आपण मत कोणाला देतोय यापेक्षा कोणाचं खातोय हे आधी बघावं लागतं."

त्याच्या म्हणण्यात दोन समजुती आहेत आणि महाराष्ट्रातल्या राजकीय चर्चेत त्या दोन्ही नेहमी भेटतात. तिसरा उमेदवार हा मते खाण्यासाठीच उभा असतो, बहुधा कोणीतरी उभा केलेला असतो, ही पहिली. अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत आणली की हा सारा बाजार आपोआप उठेल, ही दुसरी. पहिलीला आधार नाही असे मुळीच नाही. २०१९ मध्ये औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात इम्तियाज जलील यांनी चंद्रकांत खैरे यांचा साडेचार हजारांहून कमी मतांनी पराभव केला, तेव्हा अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना पावणेतीन लाखांच्या वर मते पडली होती. पण अमेरिकेच्या इतिहासातल्या ज्या निवडणुका मला पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात, त्या सगळ्या तिरंगी किंवा चौरंगी आहेत, आणि त्या वाचल्यावर या दोन्ही समजुती डळमळतात.

सर्वांत आवडती १९१२ ची. रिपब्लिकन पक्षाचे विल्यम टाफ्ट अध्यक्षपदावर होते. त्यांना तेथे बसवणारे त्यांचेच पूर्वसूरी आणि मित्र थिओडोर रूझवेल्ट त्यांच्यावर नाराज होऊन पुन्हा उमेदवारी मागायला आले. शिकागोच्या अधिवेशनात पक्षयंत्रणा टाफ्ट यांच्या हाती असल्याने रूझवेल्ट यांची डाळ शिजली नाही, तेव्हा त्यांनी प्रोग्रेसिव्ह नावाचा स्वतंत्र पक्ष काढला. डेमोक्रॅट पक्षाने बाल्टिमोरच्या अधिवेशनात सेहेचाळिसाव्या फेरीत वुड्रो विल्सन यांना कसेबसे निवडले, आणि समाजवादी पक्षातर्फे युजीन डेब्ज हे आगगाडी कामगारांचे पुढारी उभे राहिले. १४ ऑक्टोबरला मिलवॉकी येथे रूझवेल्ट यांच्यावर गोळी झाडली गेली. खिशातल्या चष्म्याच्या धातूच्या डबीमुळे आणि घडी करून ठेवलेल्या पन्नास पानी भाषणामुळे तिचा वेग मंदावला, आणि छातीत गोळी असतानाच या गृहस्थांनी सुमारे दीड तास भाषण केले. आपल्याकडच्या सभेत हे घडले असते तर त्या भाषणाच्या कागदाचे आजवर मंदिर झाले असते.

निकाल मात्र गणिताने लागला. विल्सन यांना सुमारे ४२ टक्के मते होती, रूझवेल्ट यांना २७, टाफ्ट यांना २३ आणि डेब्ज यांना ६. रिपब्लिकन घराण्याची मते दोन भावांत वाटली गेली आणि विल्सन यांना निर्वाचक मंडळातली (अध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी नव्हे, तर प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेल्या निर्वाचक मतांनी ठरतो, आणि ती बहुधा राज्य जिंकणाऱ्याला सगळीच जातात) ४३५ मते मिळाली. पदावर असलेल्या अध्यक्षांच्या, म्हणजे टाफ्ट यांच्या, वाट्याला व्हर्मांट आणि युटा या दोन राज्यांची मिळून अवघी आठ. मावसभावाच्या हिशेबाने रूझवेल्ट हे मते खाणारे ठरतात. परंतु ते टाफ्ट यांच्या पुढे होते, मग कोणी कोणाची खाल्ली? आणि हरलेल्या रूझवेल्ट व डेब्ज यांच्या जाहीरनाम्यांत काय होते ते पाहिले की प्रश्नच बदलतो. स्त्रियांचा मताधिकार, आजारपण आणि वार्धक्यासाठी सामाजिक विमा, मजुरांच्या कामाच्या तासांना मर्यादा हे विषय रूझवेल्ट आणि डेब्ज यांनी त्या वर्षी देशभर फिरवले. मताधिकार १९२० मध्ये घटनेत आला आणि वार्धक्यवेतनाचा कायदा १९३५ मध्ये झाला. तो करणारे अध्यक्ष आडनावाने रूझवेल्टच होते, पण पक्षाने डेमोक्रॅट.

१८६० ची निवडणूक याहून गंभीर आणि याहून फसवी. गुलामगिरीच्या प्रश्नावर डेमोक्रॅट पक्ष उभा फुटला. उत्तरेचे स्टीफन डग्लस, दक्षिणेचे जॉन ब्रेकिनरिज, मध्येच संघराज्य टिकवा एवढेच सांगणारे टेनेसीचे जॉन बेल, आणि चौथे अब्राहम लिंकन. लिंकन यांना चाळीस टक्क्यांहूनही किंचित कमी मते पडली. त्या काळी मतपत्रिका पक्षच छापून वाटत असत आणि दक्षिणेच्या बहुतेक राज्यांत लिंकन यांच्या नावाची मतपत्रिका वाटायलाच कोणी नव्हते. विरोधक फुटले म्हणून लिंकन आले, हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो. आकडे मांडले की ते टिकत नाही. तिघांची सगळी मते एकाच पारड्यात टाकली तरी लिंकन यांची कॅलिफोर्निया, ओरेगन आणि न्यू जर्सीतली मिळून अकरा निर्वाचक मते जातात. १८० तून अकरा गेली तरी १६९ उरतात, आणि बहुमताला १५२ पुरेशी होती. उत्तरेकडची दाट वस्तीची राज्ये त्यांनी निम्म्याहून अधिक मतांनी जिंकली होती. दुसरीकडे, देशभरच्या मतांत दुसरे आलेले डग्लस निर्वाचक मंडळात बारा मते घेऊन चौथे, म्हणजे शेवटचे आले. मतविभाजनाचे खापर फोडण्याआधी मते कोठे विभागली हे पाहावे लागते, आणि हा हिशेब आपल्याकडच्या विश्लेषणांत क्वचितच होतो. मतदारसंघातल्या तिसऱ्या उमेदवाराची मते विजयी उमेदवाराच्या मताधिक्यापेक्षा जास्त दिसली, की ती सगळी दुसऱ्याचीच होती असे गृहीत धरून मथळा तयार होतो. त्यातल्या किती मतदारांनी एरवी घराबाहेर पाऊल टाकले असते, हे कोणी विचारत नाही.

याच्या बरोबर उलट १९४८. डेमोक्रॅट पक्षातून डावीकडे हेन्री वॉलेस फुटले, उजवीकडे स्ट्रॉम थर्मंड फुटले, आणि तरीही हॅरी ट्रुमन निवडून आले. शिकागो ट्रिब्यूनने त्यांच्या पराभवाचा मथळा आधीच छापून टाकला होता. ते मतदान २ नोव्हेंबरचे. दोनच दिवसांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला आणि अमेरिकेची पद्धत का घेतली नाही याचे उत्तर दिले. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक आणि जबाबदारी कमी, इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी अधिक आणि स्थैर्य कमी. आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अध्यक्षीय पद्धतीत सरकारची झडती ठरावीक काळाने होते, संसदीय पद्धतीत ती रोज होते. 'अध्यक्षीय पद्धत आणा' म्हणणाऱ्यांनी निदान या परिच्छेदाला उत्तर द्यावे अशी माझी अपेक्षा असते. येथे इतकी वर्षे राहून मला तो परिच्छेद अधिकाधिक पटत चालला आहे.

शिवाय अध्यक्षीय पद्धत म्हणजे दुरंगी लढत हेही खरे नाही. आमच्या मेनचेच पाहा. १९९२ मध्ये रॉस पेरो हे टेक्सासचे धनाढ्य उद्योजक अपक्ष उभे राहिले, जुलैत माघार घेतली, ऑक्टोबरमध्ये परतले, दूरचित्रवाणीवर अर्धा अर्धा तास तक्ते दाखवून राष्ट्रीय कर्ज समजावून सांगत बसले, आणि देशात जवळजवळ १९ टक्के मते घेऊनही निर्वाचक मंडळात शून्यावर राहिले. मेनमध्ये ते दुसरे आले. तिसऱ्या क्रमांकावर त्यांच्याहून ३१६ मतांनी मागे होते तेव्हाचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश, ज्यांचे उन्हाळी घर याच राज्यात, केनेबंकपोर्टला, होते. पुढे २०१० मध्ये पॉल लपाज गव्हर्नर झाले ते ३८ टक्क्यांच्या आसपास मतांवर, कारण उरलेली बरीच मते एका अपक्षात आणि डेमोक्रॅट उमेदवारात वाटली गेली. लोक चिडले. पण 'अपक्षांनी उभेच राहू नये' असा फतवा निघाला नाही. २०१६ मध्ये सार्वमत घेऊन मोजणीची रीत बदलण्यात आली.

त्या रीतीमुळे २०२४ ला माझ्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदासाठी पाच नावे छापलेली होती आणि प्रत्येकासमोर पहिली पसंती, दुसरी पसंती असे गोल होते. कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. मी पहिली पसंती निवडून येण्याची सुतराम शक्यता नसलेल्या उमेदवाराला दिली आणि दुसरी ज्याला रोखायचे नव्हते त्याला. कोणाचेही मत खाल्ले नाही. हे काही रामबाण औषध नव्हे. त्याच दिवशी कोलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा आणि ओरेगन या चार राज्यांच्या मतदारांनी अशी पद्धत आणण्याचे प्रस्ताव फेटाळले, आणि मेनमध्येही गव्हर्नरच्या अंतिम निवडणुकीला ती लागू नाही.

मावसभावाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अमेरिकेला जमतं, आपल्याला कुठलं जमतंय!" येथे मात्र मला हसू आवरले नाही. राष्ट्रपतींची निवडणूक आपण पहिल्यापासून पसंतीक्रमानेच घेतो. १९६९ च्या ऑगस्टमध्ये नीलम संजीव रेड्डी हे काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते, व्ही. व्ही. गिरी यांच्या पाठीशी इंदिरा गांधी होत्या, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांचे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले होते. पहिल्या मोजणीत गिरी यांना ४,०१,५१५ मतमूल्ये मिळाली, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कोट्याला, म्हणजे जिंकायला लागणाऱ्या निम्म्याहून अधिक मतमूल्याला, गिरी कमी पडले. मग देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली. त्यातला फार मोठा भाग रेड्डींकडे गेला, तरीही शेवटी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले. देशमुख उभे राहिले म्हणून रेड्डी पडले, असे त्यामुळे कोणालाही म्हणता आले नाही. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहाने निर्वाचक मंडळ रद्द करून अध्यक्षांची थेट निवड करण्याची, आणि कोणालाही ४० टक्के मते न मिळाल्यास दुसरी फेरी घेण्याची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली, कारण आदल्या वर्षीच्या तिरंगी लढतीत जॉर्ज वॉलेस यांनी ४६ निर्वाचक मते घेऊन सर्वांची झोप उडवली होती. सेनेटमध्ये ती लांबलचक भाषणांत बुडाली.

आणि राष्ट्रपती निवडणूक ही आमदार-खासदारांपुरती गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ आहेच. आमच्या घरी वडील पुणे विभागाच्या त्या मतदानाला आवर्जून जात. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनाने नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे असतात, बरोबरची खूण केली की मत बाद. पदवीधरांचीच मते त्यात कशी बाद होतात याचा वडिलांना फार राग असे. मावसभाऊही बी. कॉम. आहे. त्याने त्या यादीत नाव नोंदवले आहे का, असे मी विचारले. नाही, म्हणाला, "तिथं कोण उभं राहतं तेच कळत नाही."