काका, ही जुगलबंदी नव्हेच

काका, माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगतो, आधी रागच आला. नौपाड्यात चाळीस वर्षं तबला शिकवतो असं सांगून तुम्ही लिहिलंय की ट्रम्पेटवाला वाडाडा लिओ स्मिथ आणि पियानोवाला विजय अय्यर यांच्या 'अ कॉस्मिक रिदम विथ ईच स्ट्रोक' या जॅझ अल्बममध्ये ना ताल, ना चाल, दोघं नुसते एकमेकांची वाट बघत बसलेत. वर, आडनाव अय्यर नसतं तर मी एवढं कौतुक केलंच नसतं.

आडनावाचं आधी उरकतो. थोडं खरं आहे. अय्यर अमेरिकेतच जन्मला, आईवडील तमिळ. तरी अल्बमच्या यादीत ते नाव दिसल्यावर माझं बोट थांबलं होतं, नाकबूल कशाला करू?

तालाचं मात्र पटत नाही. या अल्बममध्ये ड्रम नाही, बासही नाही. स्मिथचं ट्रम्पेट आणि अय्यरचा पियानो, फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, बस. म्हणजे लेहरा, तालाचं आवर्तन दाखवणारी ती फिरती धून, धरायला कोणी बसलेलंच नाही, मग सम, आवर्तनाची पहिली मात्रा, सापडणार कुठून? पण आलाप चालू असतो तेव्हा तुम्हीच हात मांडीवर ठेवून बसता ना? तेव्हाही लय चालूच असते, आणि ती तुमच्याइतकी सभागृहात कोणाला कळते? स्मिथ सूर लांबवतो, मध्येच सोडून देतो, आणि अय्यर ती जागा भरायला धावत नाही. स्मिथ १९४१चा, अय्यर १९७१चा. अय्यर आधी स्मिथच्याच 'गोल्डन क्वार्टेट' या चौघांच्या संचात वाजवायचा. बुजुर्गाची साथ करताना कुठे गप्प बसायचं, हे तुम्हाला मी काय सांगू?

आणि त्या मोकळ्या जागेला आणखी एक कारण आहे. मधली सात भागांची रचना चित्रकार नसरीन मोहमदी यांना वाहिलेली आहे. अल्बमचं नावही त्यांच्याच डायरीतल्या शब्दांतून आलंय. २०१६च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा या दोघांनी ती रचना तिथे वाजवली. शाई आणि पेन्सिलीने ओढलेल्या बारीक, सरळ रेषा, आणि बाकीचा कागद बराचसा कोरा. आजाराने शरीरावरचा ताबा सुटत गेला, तरी हातातली रेष हलली नाही. १९९०मध्ये त्या गेल्या, आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. किहीमला दरवर्षी जाऊन मासे खाऊन येणाऱ्या मला हे अल्बममुळे कळलं!

सगळंच आवडलं असंही नाही. इलेक्ट्रॉनिक्सची घूं-घूं काही ठिकाणी मलाही लांबलेली वाटते. आणि ठाणे-दादर फास्टमध्ये इअरफोन लावून ऐकलंत म्हणता, म्हणजे हळू सूर कुर्ल्याच्या गर्दीनेच गिळले असणार. मी घोडबंदर रोडवर राहतो, मेट्रोच्या कामाचा आवाज थांबायची वाट बघत रात्री दीडला ऐकला.

पण एक चूक सपशेल माझी. पोस्टचा मथळा मीच 'पियानो-ट्रम्पेटची जुगलबंदी' असा दिला होता. तो वाचून तुम्ही सवाल-जवाबाची, तिहाईची (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं), समेवरच्या टाळीची अपेक्षा धरून बसलात, यात तुमचं काय चुकलं? तो शब्द आज सकाळी काढला.

आता एकदा घरी, पंखा बंद करून, 'पॅसेज' ही अल्बममधली पहिली रचना तेवढी ऐका. बोटं मांडीवर हलली तर कळवा. नाही हलली तरीही कळवा.