एक्सल बदलला म्हणून गाडीची पासिंग वाढत नाही

"जुनी पिकअप भंगारात घालू नका. मागचा एक्सल टाटा ४०७ टेम्पोचा टाका, स्प्रिंगचे दोन पाटे वाढवा आणि दीड टनाच्या गाडीत बिनधास्त तीन टन भरा. चाकं तीच ठेवा, हबला नवी भोकं पाडली की बसतात. मोठे ब्रेक आपोआप येतात, ॲव्हरेज वाढतं, आरटीओला काही दिसत नाही." असा मेसेज सध्या टेम्पोवाल्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. एरवी मी वाचून सोडून दिला असता. पण मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, फिटर तयार आहे, करून घेऊ का?" हा गडी टोमॅटोच्या हंगामात नारायणगावहून माळशेज उतरून वाशीला माल नेतो. तेव्हा उत्तर देणं भाग आहे, आणि ते जरा चढ्या आवाजातच येणार.

सगळ्यात घातक वाक्य पहिलं घेतो: "मोठे ब्रेक आपोआप येतात." येतात काय, तर मागचे ड्रम. पुढचे पॅड, बूस्टर, मास्टर सिलिंडर सगळं जुन्या गाडीचंच राहतं. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं, म्हणजे घाटात खरं काम पुढच्या ब्रेकचं. ते दीड टनाच्या हिशोबाने बनवलेत. शिवाय मोठ्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरला तेल जास्त लागतं. जुना मास्टर तेवढं ढकलू शकत नाही आणि पेडल खाली जातं. मग फिटर म्हणतो, "एअर धरलीय, दोन वेळा पंप करा." उतारावर, समोर एसटी थांबलेली असताना, पंप कधी करायचा?

याहून वाईट गोष्ट गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. बऱ्याच पिकअपना मागे चेसिसवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरला की गाडी मागून बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. गाडी रिकामी असली की कमी मिळतं, म्हणजे चाकं जॅम होऊन मागची बाजू फिरत नाही. आता दोन पाटे वाढवले की भरलेली गाडीही बसत नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे, आणि नेमक्या भरल्या गाडीत मागचे ब्रेक अर्धवट लागतात. दुसऱ्या गाडीच्या एक्सलवर तर त्या दांडीची कडीच नसते. मग ती तारेने वर बांधून टाकतात. तशी गाडी पावसात रिकामी परत येताना ब्रेक मारून बघा, मागचं तोंड पुढे येईल.

आता तीन टनांचा हिशोब. वीस किलोचा क्रेट धरला तर दीडशे क्रेट. रिकामी पिकअप दीड-पावणेदोन टनांची असते, म्हणजे एकूण वजन नेहमीच्या भरल्या गाडीच्या जवळजवळ दीडपट. घाट उतरताना ब्रेकमध्ये जिरवायची उष्णताही तेवढीच वाढणार. टायरचं काय? टायरच्या कडेवर साइजनंतर एक आकडा असतो. १०८ असेल तर तो टायर १००० किलो पेलतो. मागे एकेरी चाकं, म्हणजे दोन टायर मिळून दोन टन, आणि त्यातच मागच्या बाजूला येणारं गाडीचं स्वतःचं वजनही आलं. राहिलेला माल कोण उचलणार? एक्सल कितीही दणकट असो, जमिनीला टेकलेला टायर तोच आहे. चेसिसही तीच, पाट्यांच्या मागच्या हँगरजवळ तडकायला बसलेली. आणि हबला नवी भोकं पाडण्याबद्दल मी काही लिहीत नाही, लिहिलं तर शिव्या येतील.

मेसेजच्या शेवटी आणखी एक रत्न आहे: "चिखलात अडकू नये म्हणून डिफरन्शियल आतून वेल्ड करून घ्या." उचलली जीभ लावली टाळ्याला! डिफरन्शियल म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला गिअरचा गोळा. तो कशासाठी असतो? वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं म्हणून. दोन चाकांत एक मीटर चाळीस सेंटिमीटर अंतर धरा. पूर्ण यू-टर्न मारताना बाहेरचं चाक साडेचार मीटरच्या आसपास जास्त चालतं, वळण लहान असो की मोठं. वेल्ड केलं की दोन्ही चाकं सारखीच फिरणार, म्हणजे डांबरावर दर वळणाला एक टायर घासत जाणार. टायर टिकला तर शाफ्ट पिळतो. शेताच्या बांधावरून एकदा गाडी निघावी म्हणून वर्षभर डांबरावर हे सोसायचं का?

ॲव्हरेजचं थोडक्यात. डिफरन्शियलमध्ये छोटं पिनियन मोठ्या क्राऊन गिअरला फिरवतं, आणि दोघांच्या दातांचा भागाकार म्हणजे रेशो. क्राऊनचे ४१ दात आणि पिनियनचे १० असतील तर रेशो ४.१०, पिनियनचे ९ असतील तर ४.५६. रेशो वाढला की चढाला ओढ मिळते पण इंजिन जास्त फिरतं आणि डिझेल जास्त जातं. कमी केला की उलट. ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही वाढवणारा रेशो अजून कुणाला सापडलेला नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. मेसेजमध्ये "फुल फ्लोटिंग एक्सल दणकट" असं लिहिलंय, ते खोटं नाही. त्यात चाक हाऊसिंगवरच्या (एक्सलच्या बाहेरच्या कवचावरच्या) दोन बेअरिंगवर फिरतं आणि शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. सेमी फ्लोटिंगमध्ये वजनही शाफ्टवरच, त्यामुळे शाफ्ट तुटला तर चाक त्याच्यासकट बाहेर येऊ शकतं. दणकट म्हणजे कधीच तुटत नाही असं नव्हे, आणि गाडीचं बाकी अंग दणकट झालं असं तर मुळीच नव्हे.

"सरकारनेच २०१८ मध्ये एक्सल लोड वाढवला" असं जे सांगतात, तेही अर्धवट. वाढवला, पण ती कायद्याची वरची मर्यादा. तुमच्या मॉडेलचं आरसी बुकवरचं वजन, म्हणजेच पासिंग, त्यामुळे आपोआप वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ काढून वाचा. कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी आरसीतली नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच उचलून धरलं. असा बदल केला तर कलम १८२अ खाली दर बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ओव्हरलोडला कलम १९४ खाली वीस हजार, वर जादा प्रत्येक टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. टोमॅटो रस्त्यात उतरवून ठेवा मग. विमा कंपनीलाही दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

भावाची गाडी मागून घूं-घूं आवाज करते, एवढंच खरं दुखणं आहे. त्यासाठी भावा, आधी डिफरन्शियलचं ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर बघ. लोखंडाची चमक किंवा तुकडे दिसले तरच हाऊसिंग उघड. एक्सल असेंब्ली बदलायचीच असेल तर तुझ्याच मॉडेलची घे, आणि रेशो मोजून घे. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना ओंडके. मागचं एकच चाक जॅकवर उचल आणि बरोबर दोन फेरे फिरव. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे येणारा लांब दांडा) जितके फेरे घेईल तो रेशो. दुकानदार दुसरा आकडा सांगत असेल तर माल तिथेच ठेव.