पाणी संपलं म्हणून शहर सोडलं म्हणे!

फतेहपूर सीकरीचं तेच रील आज सकाळपासून फिरतंय. तिथल्या दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराच्या दालनात, उभा राहून एक मुलगा सांगतो, "अकबराने शहर बांधलं, पाणी संपलं, सोडून दिलं." संपलं! पाठीमागच्या खांबाकडे ढुंकूनही बघत नाही.

अरे, वळ की जरा. खाली चौकोनी, वर अष्टकोनी, त्यावर सोळा पैलू, आणि तिथून एकेक थर पुढे येत गेलेले ३६ ब्रॅकेट, म्हणजे वरचा भार पेलणारे दगडी हात. त्यांच्यावर गोल चबुतरा, चबुतऱ्यापासून चार कोपऱ्यांकडे चार पूल. बाहेरून दुमजली दिसणारी इमारत आतून एकच उंच दालन आहे.

ब्रॅकेट हौसेचे नाहीत. दगड दाब झेलतो, ताण झेलत नाही. लांब तुळई मध्ये वाकायला लागली की खालच्या अंगाने तडकते. म्हणून दोन्ही टोकांना ब्रॅकेट देऊन मधलं अंतर कमी करायचं. तिथला लाल वालुकाश्म थराथराने सुटतो, त्यामुळे खांब, तुळया, छज्जे, छताच्या लाद्या, सगळं सुतारकामासारखं जोडता आलं. १५८० साली आलेला जेझुइट पाद्री मॉन्सेरात लिहितो की छिन्नीचा आवाज बादशहाला नको म्हणून दगड दुसरीकडे मापात घडवून आणत आणि जागेवर फक्त बसवत. पण तेच थर या दगडाचं दुखणंही आहेत. ओल आणि क्षार आत शिरले की पापुद्रे सुटतात, नक्षीसकट. आणि आपली माणसं तिथेच बदामात नावं कोरतात!

पाच मजली पंचमहालातही कॅमेरा नुसता गरगर फिरवलाय. खालच्या मजल्यापासून खांब मोजा: ८४, ५६, २०, १२, ४. वर जाताना भार असा उतरवलाय.

बरं, पाणी. १५८२ मध्ये तलावाचा बांध फुटला होता आणि उन्हाळ्यात तिथे हाल व्हायचे, हे मान्य. पण १५८५ मध्ये काबूलला तिथला सत्ताधीश, अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम वारला, वायव्य सरहद्द पेटायची वेळ आली, म्हणून अकबर पंजाबात गेला आणि १५९८ पर्यंत लाहोरला राहिला. शहर एका रात्रीत ओस पडलं नाही. आग्र्यात प्लेग होता तेव्हा, १६१९ मध्ये, जहांगीर इथेच येऊन राहिला. कोरड्या गावात बादशहा लवाजमा घेऊन राहतो होय?

त्या पोराचा तरी काय दोष म्हणा. तिथे कानावर पडतं तेच त्याने सांगितलं. बुलंद दरवाजा म्हणजे गुजरातचा विजय, हेही तसंच. त्यावरचा १६०१ चा लेख दख्खनच्या मोहिमेचा आहे: खानदेश जिंकून अकबर परतला, आणि शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचं 'दानदेश' केलं. जळगाव-धुळ्याकडच्यांनो, तुमच्या मुलखाचं नाव आहे तिथे, जरा मान वर करा.

जाणार असाल तर दिवाण-ए-आमच्या बाजूने आत शिरा. शहराखालची टेकडी नैर्ऋत्य-ईशान्य अशी तिरकी, पण मशिदीची किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेला, म्हणून सगळ्या इमारती सरळ दिशांना धरून बसवल्यात. चौक एकमेकांपासून पायरीपायरीने सरकत जातात, ते या बाजूने चालताना कळतं. आणि शेवटी उत्तरेच्या उतारावर हाथी पोळ या दरवाजापाशी उतराच. तिथे बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. रहाटांनी पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून दगडी पन्हळीतून महालात नेत असत. रीलवाले तिकडे फिरकत नाहीत.